हाडं दिसणं हा अपंगत्वाचा भाग नव्हे

बहुविकलांग माणसाच्या फासळ्या दिसू लागल्या की घरचे म्हणतात, ‘त्याची प्रकृतीच तशी.’ अनुभवाने मला पटलंय, की या समजुतीइतकं नुकसान दुसरं काही करत नाही. मेंदूच्या पक्षाघातात (सेरेब्रल पाल्सीत) हातपाय आखडतात, तसा जीभ, जबडा आणि घसा यांचा मेळही बिघडतो. अंग वाळतं ते बहुतेक वेळा पुरेसं अन्न पोटात उतरत नाही म्हणून. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या पाहणीत मेंदूविकार असलेल्या मुलांपैकी 89 टक्क्यांना खाताना मदत लागत होती आणि 64 टक्के मुलांच्या आहाराची तपासणी कधी झालीच नव्हती. दवाखाने हाताशी असलेल्या देशात ही गत, तर चोपडा-शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांचं काय!

‘आमच्याकडे खायला कमी नाही,’ असं यावर ऐकायला मिळतं. खरंच आहे, केळीच्या जळगावात अन्नाचा तुटवडा हे कारण दर घरी नसतं. अडचण भरवण्यात असते. गिळायला सोपं जावं म्हणून आपण वरणात पाणी वाढवतो. त्याने पोट पाण्यानेच भरतं, शिवाय पातळ पदार्थ घशातून झरकन उतरून श्वासनलिकेत शिरण्याची भीती वाढते. काहींना तेव्हा ठसकाही लागत नाही. जेवताना घरघरणारा ओला आवाज आणि पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया याच त्याच्या खुणा. म्हणून घास मऊ, दाट आणि बिनगुठळ्यांचा हवा: मुगाच्या डाळीची घोटलेली खिचडी किंवा दह्यात कुस्करलेलं केळं. तुपाच्या 1 ग्रॅममधून 9 कॅलरी मिळतात, पिष्टमय घटकांतून 4. म्हणून थोडं खाणाऱ्याच्या घासात तूप हवंच. शेव, अख्खे शेंगदाणे, कोरडी भाकरी देऊ नये. मान मागे करून तोंडात ओतू नये. बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवावं आणि नंतर अर्धा तास बसवूनच ठेवावं. घास किती दाट हवा, उन्हाळ्यात पाणी कसं पाजायचं, हे गिळणं तपासणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि या माणसांना तहान सांगता येत नाही. लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय असं समजावं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ‘जड झाला तर उचलणार कोण?’ उचलणारी बहुतेक घरांत आईच असते, आणि तिची कंबर आधीच गेलेली असते. पण कुपोषित अंगाला पडून पडून जखमा लवकर होतात, त्या भरत नाहीत, दवाखान्याच्या खेपा वाढतात. म्हणजे उपाशी ठेवून ओझं हलकं होत नाही. त्यावर उपाय चाकाची खुर्ची आणि उचलण्याची योग्य रीत शिकणं हा आहे. दरमहा वजन केलं, तर ते गरजेपेक्षा वाढलं तरी वेळेत कळतं. तोंडाने पुरेसं जात नसेल आणि डॉक्टरांनी पोटाच्या नळीचा सल्ला दिला, तर त्याला हार मानू नये.

सगळं येऊन ठेपतं ते भरवणाऱ्या हातांवर. ऑक्सफर्डच्या त्याच पाहणीत 28 टक्के पालकांचे भरवण्यातच दिवसाचे 3 तास जात होते. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईसाठी 3 तास म्हणजे बुडालेली मजुरी. मुलाला भरवून झाल्यावर उरलंसुरलं उभ्याने खाणारी आई आजारी पडली, की मुलाचाही घास थांबतो. म्हणून तिचं जेवण हा त्याच्या पोषणाचाच भाग मानायला हवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, पण नुसत्या धान्याने ही भूक भागत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्यातून डाळ, तेल आणि आधार देणारी खुर्ची मागा, लेखी मागा. मूल 18 वर्षांच्या आतलं असेल, तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याची तपासणी करून घ्या. आणि उद्यापासून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी एक वेळचं भरवणं आपल्याकडे घ्यावं, म्हणजे आईला बसून जेवता येईल.