सातबारा आणि डेटाबेस

दिग्रस तालुक्यातील एखाद्या शेताचा सातबारा पाहा. नमुना ७ शेत कोणाचे ते सांगतो, नमुना १२ त्यात काय पेरले ते. गावातील एका खातेदाराची सगळी शेते पाहायची, तर नमुना ८-अ. कागदी दप्तरात या नोंदी वेगवेगळ्या. फेरफार एकीत उतरला, दुसरीत राहिला, की एकाच शेताला दोन मालक!

नीट रचलेल्या डेटाबेसमध्ये नोंद एकदाच असते. गटाने विचारा वा खात्याने, उत्तर तिच्यातूनच निघते. तक्त्यांची अशी मांडणी १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सुचवली. पुष्कळजण संगणकालाच डेटाबेस म्हणतात. हे कपाटाला दप्तर म्हणण्यासारखे झाले. मात्र मूळ नोंदच चुकली, तर दोन्ही उतारे जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील.