ट्रकच्या तेलाला दुसरी गाळणी

उरणजवळ न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथे कंटेनर नेणाऱ्या ट्रकच्या रांगा लागतात. चाके थांबतात, पण पुष्कळदा एंजिन चालूच असते आणि डिझेलची काजळी वंगणतेलात मिसळत राहते.

एंजिनातील नेहमीची गाळणी साधारणपणे २० मायक्रॉनहून मोठे कण अडविते. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बेअरिंगमधील तेलाचा थर मात्र काही मायक्रॉनच जाड असतो. निसटलेले बारीक कण तेथे पॉलिश पेपरसारखे घासतात.

मग तीच गाळणी बारीक का करू नये? कारण तिच्यातून तेल सावकाश जाईल व बेअरिंग कोरडी पडेल. म्हणून ५ ते १० टक्केच तेल बाजूच्या बारीक गाळणीकडे, म्हणजे बायपास फिल्टरकडे, वळवितात.

समजा, तिच्यातून मिनिटाला ३ लिटर तेल जाते व चेंबरमध्ये १५ लिटर आहे. ५ मिनिटांत सर्व तेल गाळले जाईल? नाही! गाळलेले तेल पुन्हा न गाळलेल्यात मिसळते. त्यामुळे ३७ टक्के तेल तेव्हाही गाळावयाचे राहिलेले असते. १५ मिनिटांनी ते ५ टक्क्यांवर येते.

हा खर्च परवडतो का? तेलात उतरलेले डिझेल व आम्ले ही गाळणी काढीत नाही. तेव्हा तेल बदलणे टळत नाही, फार तर लांबते. तेही तेलाचा नमुना तपासूनच. दिवसरात्र राबणाऱ्या, मोठ्या चेंबरच्या ट्रकला ती घ्यावी. मोजक्या फेऱ्यांच्या गाडीला वेळेवर तेल बदलणेच स्वस्त पडते. मात्र रांगेतल्या ट्रकची ही वेळ किलोमीटरवर नव्हे, एंजिन चाललेल्या तासांवर धरावी.