लाठी पोलिसांची, पैसे कंपनीचे : दाभोळ प्रकरण वर्गात कसं घ्याल?



सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकवताना आपण बहुतेक वेळा दोनच पात्रं उभी करतो, नागरिक आणि सरकार. तिसरं पात्र म्हणजे कंपनी. ते राहूनच जातं. आपल्या आटगावकडच्या मुलांना मात्र ते रोज दिसतं. कुणाचे वडील कारखान्यात, कुणाची आई गोदामात ठेकेदारामार्फत कामाला जाते. समृद्धी महामार्गामुळे ‘भूसंपादन’ हा शब्दही शहापूर तालुक्यात घरोघरी माहीत झालाय. म्हणून हक्कांचा पाठ संपला की एक तास दाभोळसाठी ठेवा.

एन्रॉन ही अमेरिकेतल्या ह्यूस्टनची कंपनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात वीज प्रकल्प उभारण्यासाठी तिने जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या आणखी दोन अमेरिकी कंपन्यांना सोबत घेतलं आणि ‘दाभोळ पॉवर कंपनी’ काढली. १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग फेरवाटाघाटी झाल्या आणि काम पुन्हा सुरू झालं. महाग विजेचा वाद आपल्या पिढीने ऐकलेला आहे, त्यात मुलांना फार अडकवू नका. वेलदूरचं मात्र नीट सांगा.

वेलदूर हे प्रकल्पाशेजारचं मच्छीमारांचं गाव. मासळीचं काय होणार, जमिनीचं काय, पाण्याचं काय, हे तिथल्या लोकांचे प्रश्न होते. मोर्चे निघत होते, जमावबंदी लागत होती, अटका होत होत्या. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस गावात शिरले. घरांतून लोकांना बाहेर काढून मारहाण झाली, अटक झाली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, एक गरोदर बाईही होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचा मोठा अहवाल आला आणि त्यात बोट थेट कंपनीकडे होतं.

का? मारलं तर पोलिसांनी ना? इथेच वर्गात थांबायचं. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी राज्याचं पोलीस दल होतं आणि त्याचा खर्च कंपनी सरकारला देत होती. अहवालाचा मुद्दा असा, की ज्या पोलिसांचा खर्च तुम्ही उचलता, त्यांच्या अत्याचाराच्या तक्रारी कानावर येत असताना तुम्ही गप्प बसलात, तर ती तुमचीही जबाबदारी ठरते. कंपनीने हे मान्य केलं नाही. तिचं म्हणणंही मुलांना सांगा, एकच बाजू सांगून धडा होत नाही.

आता फळ्यावर बाण काढायला लावा. कंपनीकडून पोलिसांकडे पैसे. पोलिसांकडून गावाकडे लाठी. मग विचारा, गावाकडून कंपनीकडे बाण कुठून न्यायचा? कंपनीला दाद मागायला जागा होती. करारातल्या तंट्यासाठी लंडनमध्ये लवाद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले पंच. १९९५ मध्ये करार रद्द झाल्यावर कंपनी तिकडे गेलीही. त्या करारात वेलदूरच्या बाईचं नावच नाही, तिने कुठे जायचं?

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचं दिवाळं निघालं. तिचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग २००६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दोषी ठरले, तुरुंगातही गेले. पण तो खटला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा होता. वेलदूरचा त्यात संबंध नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात हेच जास्त खटकतं.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यवसायांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. सरकारने हक्कांचं संरक्षण करायचं, कंपनीने हक्कांचा आदर राखायचा, नुकसान झालेल्याला दाद मिळायला हवी. तत्त्वं चांगली आहेत, पण ती बंधनकारक कायदा नाहीत. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा करून आपल्या मोठ्या कंपन्यांना परदेशातल्या उपकंपन्या आणि पुरवठादारांकडेही लक्ष ठेवायला लावलं. जर्मनीचा तसा कायदा २०२३ पासून लागू झाला. वेलदूरला तो उपयोगी नव्हता, तेव्हा तो नव्हताच.

हे मुलांना अवघड जाईल असं वाटत असेल तर ठेकेदारापासून सुरुवात करा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे आपल्याकडे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच आलं. ‘तो माझा माणूस नाही’ म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. आटगावच्या मुलाला हे लगेच कळतं. तेच तत्त्व समुद्रापलीकडच्या मालकाला लावायचं, एवढाच प्रश्न आहे.

उलटी बाजूही घ्या, नाहीतर मुलांना वाटेल की वाईट कंपन्या फक्त गोऱ्यांच्या. बंगळूरच्या करुतुरी कंपनीने इथिओपियातल्या गांबेला भागात शेतीसाठी प्रचंड जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तेव्हा तिथल्या स्थानिकांच्या हक्कांचे प्रश्न आपल्याकडच्या कंपनीला विचारले गेले. फळ्यावरचं चित्र तेच ठेवा. वेलदूर पुसून गांबेला लिहा, ह्यूस्टन पुसून बंगळूर लिहा. आणि मुलांना विचारा, आता गांबेलाच्या माणसाने दाद मागायला भारतात यावं का, आणि आलाच तर आपण त्याला काय सांगणार?