शस्त्रक्रियेनंतरची तपासणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु हा रोग उलटलाच, तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून पहिली २ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर ६ ते १२ महिन्यांनी व नंतर प्रतिवर्षी तपासणी करवून घ्यावी.

तीत डॉक्टर विचारपूस करून पोट, जांघेतील गाठी व योनिमार्ग तपासतात. वर्षातून एकदा पेशींची पॅप तपासणीही होते. मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. रोग पुष्कळदा ओटीपोटात खोलवर उद्भवतो. रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, कंबरेत वा ओटीपोटात सततची वेदना, एका पायास सूज, यांपैकी काहीही जाणवल्यास नेमलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांस भेटावे.

संकोचामुळे स्त्रिया ही लक्षणे घरातही बोलत नाहीत. रोग ओटीपोटापुरताच असता सापडला आणि पूर्वी किरणोपचार झालेले नसले, तर किरणोपचार व औषधे यांनी तो बरा होण्याची आशा असते. दूरवर पसरल्यावर ती फार उणावते.

एका वर्षी नफा झाला म्हणून कोणी व्यापारी पुढील वर्षी खातेवही मिटून ठेवीत नाही. सणासुदीच्या गर्दीतही ही तारीख घरातील पुरुषांनीच आठवणीने पाळावी.