पहिला पेपर लिहिणाऱ्या भाचीला

अगं, मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बसून ‘लिहू कशावर?’ म्हणतेस, कमाल आहे! सिनॉप्सिसच्या दिवसांत अर्धे रेसिडेंट तुझ्याच टेबलाशी उभे असतात ना? ऐक तर मग.

१. काउंटरवर जो प्रश्न पुन्हापुन्हा येतो, तो त्याच दिवशी वहीत टिपून ठेव – तुला ज्याचं उत्तर हवंय, ते दुसऱ्या लायब्ररीलाही हवंच असतं.

२. प्रश्न एका वाक्यात मावेपर्यंत आकड्यांना हात लावू नकोस. ‘ग्रंथालयाचा वापर’ हे फार ढगळ झालं. ‘तासाभराच्या प्रशिक्षणानंतर रेसिडेंट सर्चमध्ये मेशचे ठरीव विषयशब्द जास्त वापरतात का?’ असं विचार – ढगळ प्रश्नाची प्रश्नावली लांबत जाते आणि ती कुणी पुरी भरत नाही.

३. प्रशिक्षणाआधीचे सर्च मागून ठेव, नंतर नुसतं ‘आवडलं का?’ विचारून भागत नाही – वाढणारीनंच विचारलं तर आमटी गोडच.

४. एथिक्स कमिटीकडे आधी जा, ‘नुसती प्रश्नावली तर आहे’ असं मनाशी ठरवू नकोस – सूट द्यायची की नाही, हेही कमिटीनंच ठरवायचं असतं.

५. आता आपल्या हातखंड्याचं. सर्च झाला की लगेच डेटाबेस, प्लॅटफॉर्म, तारीख, किती नोंदी आल्या ते लिही, आणि सर्चची अख्खी ओळ जशीच्या तशी उतरव – पबमेड आठ तास नुसतं पडून राहिलं की हिस्टरी पुसून टाकतं, आणि तारीख नाही त्या सर्चला साक्ष नाही. प्रिझ्मा-एस नावाची १६ कलमांची यादी २०२१ साली आली ती नेमकी याचसाठी. ती सर्च करण्याआधी समोर ठेव, पेपर लिहिताना नव्हे.

६. तोच सर्च चालवण्याआधी दुसऱ्या ग्रंथपालाला दाखव, त्यासाठी प्रेस नावाची तपासयादी आहे – आपला सुटलेला ‘ओआर’ आपल्याला कधीच दिसत नाही.

७. डॉक्टरमंडळींच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत सर्च तुझा असेल, तर लेखकांत नाव घालण्याचं पहिल्याच बैठकीत बोल. मग पद्धतीचा परिच्छेद स्वतः लिही, शेवटचा मसुदा वाचून होकार दे, त्याची जबाबदारीही घे – लेखक म्हणवण्यासाठी आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या) चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या कराव्या लागतात. (याच न्यायानं साहेबांचं नाव नुसतं मानापोटी घालायचं नाही. हे सांगणं अवघड आहे खरं. नियमाचा कागद पुढे कर, तू बोलू नकोस.)

८. लिहायला बसण्याआधी जर्नल ठरव आणि त्याचे दोन-तीन अंक चाळ. ‘जर्नल ऑफ द मेडिकल लायब्ररी असोसिएशन’ १९११ पासून चालू आहे, २००१ पर्यंत ‘बुलेटिन’ नावानं निघायचं. तिथे वाचायलाही पैसे नाहीत, छापायलाही नाहीत – तेव्हा ‘आठवड्यात छापतो, फी भरा’ म्हणणाऱ्या मेलला भुलायचं कारण उरत नाही. यूजीसी-केअरची मान्य जर्नलांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखायचं ते आपल्याच डोळ्यांनी.

९. आधी पद्धत आणि निष्कर्ष लिही, प्रस्तावना सर्वांत शेवटी – नाहीतर ‘ग्रंथालय हे ज्ञानाचे मंदिर’ इथेच दोन पानं जातात.

१०. परीक्षकांचे शेरे आले की वाच, रात्रभर बाजूला ठेव, मग एकेका शेऱ्याखाली उत्तर लिही. पटलं नाही तर तसं कारणासकट सांग – परीक्षक रागावत नाहीत, उत्तर टाळलं की मात्र ओळखतात.

११. नकार आला तर तो पेपर तसाच दुसरीकडे धाडू नकोस, शेरे वाचून दुरुस्त कर – आपलं क्षेत्र लहान आहे गं, तिथेही तोच परीक्षक बसलेला असू शकतो.