तेलाचा साठा आणि तेलाची बाजारपेठ

भूगर्भात खनिज तेल विपुल असले, म्हणजे देश धनवान झालाच असे नाही. ते तेल ग्राहकापर्यंत नेणारा मार्ग असावा लागतो, आणि ग्राहकही एकाहून अधिक असावे लागतात. या दृष्टीने कॅनडाचे उदाहरण उद्‌बोधक आहे.

कॅनडाचा मोठा तेलसाठा आल्बर्टा प्रांतातील तेलयुक्त वाळूत आहे. नकाशा पाहिल्यास या प्रांताला समुद्रकिनारा नाही, हे ध्यानात येईल. त्यामुळे कॅनडाच्या निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तेल दीर्घकाळ शेजारच्या अमेरिकेकडे जात असे. विकणारे अनेक आणि घेणारा देश एकच, अशा बाजारात विक्रेत्याची बाजू लंगडी पडते. २०१८ च्या अखेरीस तेलवाहिन्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा हे जड तेल अमेरिकेच्या प्रमाण तेलाहून बॅरलमागे ४० अमेरिकी डॉलरांपेक्षाही अधिक स्वस्त झाले. अखेर जानेवारी २०१९ पासून प्रांतिक सरकारने उत्पादनावरच मर्यादा घातली.

यावर उपाय म्हणजे पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणारा मार्ग रुंदावणे. एडमंटनपासून बर्नबीपर्यंत, पर्वत ओलांडून, सुमारे १,१५० किलोमीटर लांबीची ट्रान्स माउंटन वाहिनी १९५३ मध्येच सुरू झाली होती. तिच्या जोडीला दुसरी वाहिनी घालण्याचे ठरले. परंतु अडचण केवळ स्थापत्याची नव्हती. वाहिनी आदिवासी जमातींच्या भूमीतून जाणार होती, आणि वाढत्या तेलजहाजांमुळे तेथील देवमाशांना धोका संभवत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. जमातींशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही आणि समुद्रातील वाहतुकीचा विचार झाला नाही, असा त्याचा निर्णय होता. त्याच सुमारास सरकारने ही वाहिनी साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरांना विकत घेतली. नव्याने विचारविनिमय होऊन जून २०१९ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. १ मे २०२४ रोजी नवी वाहिनी सुरू झाली, तोवर बांधणीचा खर्च सुमारे ३४ अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेला होता.

फळ मात्र मिळाले. दैनिक वहनक्षमता ३ लाख बॅरलांवरून ८ लाख ९० हजारांवर गेली आणि चीनसारखे आशियाई ग्राहक लाभले. तथापि एक प्रश्न उरतोच. अशा वाहिनीचा खर्च वसूल होण्यास अनेक वर्षे लागतात. हवामानबदल रोखण्यासाठी जगाने तेलाचा वापर घटविला, तर हा भार कोणी सोसावा? सरकारी वाहिनीचा तोटा अखेर करदात्याच्याच माथी येतो. म्हणून निर्यातीचे धोरण ठरविताना आजच्या भावाबरोबर उद्याची मागणी आणि मार्गावरील लोकांची संमती, ही दोन्ही आरंभीच हिशेबात धरावी लागतात.