जुना संगणक व सामाईक प्रिंटर

विंडोज १० च्या संगणकास जोडलेला प्रिंटर शेजारच्या खोलींतील एक्सपीच्या संगणकास सांपडेनासा झाला, कीं आपण बिचाऱ्या प्रिंटरासच दोष देतों. खरा अडथळा बहुधा बोलीचा असतो. एक्सपी केवळ ‘एसएमबी-१’ ही बोली जाणते; आणि २०१७ सालच्या १७०९ या आवृत्तीपासून नव्यानें बसविलेल्या विंडोज १० मध्यें ती बोलणारा भाग मुळांत नसतो. तो मागाहून बसवितां येतो खरा. पण विंडोजमधील याच बोलीच्या छिद्रांतून मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर कीटक जगभर पसरला होता! तेव्हां तें दार उघडूं नये. प्रिंटरास स्वतःची नेटवर्कची जोडणी असल्यास एक्सपीवर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून प्रिंटराचा आयपी पत्ता द्यावा. मध्यस्थ संगणक लागतच नाहीं. मात्र एक्सपीस चालणारा ड्रायव्हर आधीं मिळवावा.